प्रवाह शून्य असेल तर

ईसीजी काढणाऱ्या बाईंनी माझ्या मनगटांवरचे चिमटे पुन्हा काढले, उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे असं मनाशी पुटपुटत तपासले आणि परत लावले.

"मॅडम, हिलिए मत."

"मी हललेच नाही," मी मराठीत बोलून गेले आणि मग तेच हिंदीत सांगितलं.

कागद बाहेर आला. त्यांनी तो पाहिला आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या. माझ्या नाकात मांस वाढलं होतं. ते काढायची लहानशी शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्याआधीच्या तपासण्यांसाठी मी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागातल्या एका खासगी दवाखान्यात आले होते. बाहेर माझी मुलगी मोबाइल बघत बसली होती. तिला कॉलेजला जायचं होतं, म्हणून घाई होती.

डॉक्टरबाई वयस्क होत्या. त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या छातीवर डावीकडे ठेवला, थोडं ऐकलं, मग हळूहळू मधे आणला आणि उजवीकडे नेऊन थांबवला.

"इधर है," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "आपको पता नहीं था?"

त्यांनी मला तशीच शेजारच्या खोलीत सोनोग्राफीला नेलं. यकृत डावीकडे निघालं आणि प्लीहा उजवीकडे. "सब उलटा है, पर बिल्कुल ठीक है. आईने जैसा," असं म्हणत त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मी पाहिलं. या चित्राचं शास्त्रीय नाव मला माहीत होतं आणि ते माझ्या तोंडून निघून गेलं. त्या चमकल्या.

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं. गणित पढ़ाती हूँ."

पुढचं मला सांगता आलं नाही. पोटावरचा तो चिकट जेल पुसायचंही मला सुचत नव्हतं.

जे सांगता आलं नाही ते असं. मी गणित शिकवते, पण माझं संशोधन सैद्धांतिक जीवशास्त्रातलं आहे. आमच्या नातेवाइकांना हे कधी समजलं नाही. "म्हणजे बेडूक कापतेस का?" असं मला लग्नकार्यात हमखास विचारतात आणि मी म्हणते, "मी काहीच कापत नाही, मी समीकरणं लिहिते." त्यावर सगळे निराश होतात. माझा प्रश्न एवढाच आहे की गर्भाला डावं कोणतं आणि उजवं कोणतं हे कळतं कसं? सुरुवातीला तो एक सपाट इवलासा तुकडा असतो. त्याला डोकं आणि शेपूट असते, पाठ आणि पोट असतं, पण डावी बाजू आणि उजवी बाजू अगदी सारख्या असतात. मग एका सूक्ष्म खळग्यात केसांसारखे बारीक रोम गोल गोल फिरायला लागतात. ते थोडे कललेले असतात, म्हणून त्यांच्या फिरण्यानं खळग्यातला द्रव एकाच दिशेला, डावीकडे वाहतो. त्या वाहण्यावरून त्या बाजूच्या पेशींना कळतं की आपण डाव्या आहोत. तिथून पुढे हृदय वळतं, आतडी वळतात, यकृत आपली जागा घेतं. एवढ्याशा ओघळावर सगळं ठरतं, याचं मला पहिल्यापासून आश्चर्य वाटत आलं आहे. माझी सगळी उमेदीची वर्षं मी तो ओघळ कम्प्युटरवर वाहवला आहे.

त्या प्रोग्रॅममध्ये एक आकडा आहे, प्रवाहाचा वेग. तो शून्य केला की काय होतं, हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. रोम हललेच नाहीत तर गर्भ मरत नाही. तो दिशा निवडतोच, पण नाणं उडवल्यासारखी. साधारण निम्मे गर्भ सरळ बनतात, निम्मे आरशातल्यासारखे उलटे. ही केस मला नेहमी कंटाळवाणी वाटायची. उत्तर आधीच ठाऊक असायचं. मी ती चालवायची आणि चहा करायला उठायची.

दवाखान्याच्या पलंगावर उताणी पडून मी त्या कंटाळवाण्या केसकडे बघत होते, आणि ती मीच होते.

मुलीला सांगितलं तर ती आधी हसली. "आई, मतलब तुझं हार्ट राइट साइडला आहे? सच में?" मग माझा चेहरा बघून तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. "तुला कुछ हो रहा है क्या? तू अशी पांढरी का पडलीस?" कॉलेज सोडून ती मला घरी घेऊन आली.

घरी आल्यावर मी उजव्या हातानं छाती चाचपत बसले. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं की आपल्या मुठीएवढं हृदय डाव्या बाजूला असतं, हात ठेवून बघा. वर्गातल्या सगळ्या मुली "लागतंय, लागतंय" म्हणत होत्या. मला लागलं नव्हतं. मीही "लागतंय" म्हटलं होतं आणि माझं हृदय जरा हळू बोलणारं असेल, अशी मनाची समजूत घातली होती. आता ते उजवीकडे धाडधाड वाजत होतं. इतकं स्पष्ट, की इतकी वर्षं मी ते ऐकलं कसं नाही याचाच मला धक्का बसला.

पण खरा धक्का अजून बसायचा होता. संध्याकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. ऑपरेशन सध्या थांबवू, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, सर्दी कधीपासून आहे? मी म्हटलं, जन्मल्यापासून. कान वाहायचा का? हो, शाळाभर. घरात आणखी कोणाला असं?

विचारून सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला.

गर्भातल्या त्या खळग्यातले रोम आणि आपल्या नाकातले, श्वासनळीतले रोम जवळजवळ एकाच जातीचे. एकच पुर्जा बिघडला की दोन्हीकडचे थांबतात. नाकातले रोम कफ आणि धूळ झाडून बाहेर काढतात. ते थांबले की माणूस जन्मभर शिंकत आणि खोकत राहतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, विद्यार्थ्यांना सांगितलेलंही होतं, आणि शिकवताना खिशातला रुमाल काढून नाक पुसलेलं होतं. एकदाही मनात आलं नाही.

आणि घरात आणखी कोणाला? दादाला. माझ्या मोठ्या भावाला. थाटीपूरच्या त्याच्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यात पाऊल टाकलं की आधी त्याचा खोकला ऐकू येतो, मग बेल वाजवायची. ग्वाल्हेरच्या थंडीत, जानेवारीच्या धुक्यात, तो खोकून खोकून कमरेत वाकायचा. कधी दमा म्हणून, कधी धुळीची ॲलर्जी म्हणून, एकदा तर टीबी म्हणूनही त्याची औषधं झाली. त्याचं हृदय मात्र डावीकडे होतं. नोकरीला लागताना झालेल्या तपासणीत कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं. म्हणजे आम्हा दोघांतही तो ओघळ वाहिलाच नव्हता. नाणं उडालं, तो सरळ पडला, मी उलटी.

इथपर्यंत मी हे एखाद्या गणितासारखं सोडवत होते. मग पुढची पायरी आली आणि मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. शुक्राणूंची शेपटीही त्याच पुर्ज्यांनी बनते.

दादा आणि वहिनीला मूल नाही.

वहिनी बिर्लानगरची. तिचे वडील तिथल्या कापडगिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली तरी ते लोक त्याच चाळीत राहिले. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा खूप मोठ्यानं हसायची. दोनतीन वर्षांनी आईनं चौकशा सुरू केल्या. मग उपास आले, नवस आले, झाशीचे डॉक्टर, इंदूरचे डॉक्टर. प्रत्येक ठिकाणी वहिनीच्याच तपासण्या. एका डॉक्टरांनी दोघांनाही यायला सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "त्याला काय धाड भरलीय? चांगला धडधाकट आहे." दादा काही बोलला नाही आणि गेलाही नाही. आमची मराठी मंडळी इथे मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखतात. कोणाचं डोहाळजेवण असलं की वहिनी स्वयंपाकाला राबायची, पण ओटी भरायला तिला कोणी बोलवायचं नाही. हळूहळू तिचं ते हसणं बंद झालं. कधी बंद झालं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी का होईना मुलगी झाली, तेव्हा बारशाला वहिनी पाळण्यापासून लांब उभी होती.

मी दादाला घरात सांगू शकत नव्हते. रविवारी सकाळी त्याला गाडीत घेतलं आणि थाटीपूरमधल्याच एका बागेबाहेर गाडी उभी केली. आधी माझ्या हृदयाचं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"म्हणून तू लहानपणापासून उलट्या डोक्याची!"

"दादा, ऐक. तुझा खोकला दम्याचा नाहीये."

त्याला रोमांचं सांगितलं. तो बीएस्सी आहे, त्याला पटकन समजलं. तो म्हणाला, "मग औषध आहे का?" मी म्हटलं, पूर्ण बरं होत नाही, पण कफ रोज नीट काढायला शिकवतात, व्यायाम असतो, फुप्फुसं वाचवता येतात. त्याला बरं वाटलं. खिडकीबाहेर फुगेवाला चालला होता, त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "चला, इतक्या वर्षांनी नाव तर कळलं."

"आणखी एक आहे," मी म्हटलं. "शुक्राणूंच्या शेपट्याही तशाच असतात."

मग त्यानं काच खाली केली आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर तो इतक्या हळू बोलला की मला वाकून ऐकावं लागलं.

"म्हणजे तिच्यात काही नव्हतं?"

"मला माहीत नाही. तू तपासून घे."

"तिला सांगितलंस?"

"नाही. ते तू सांगायचंस."

आठवडाभरात त्याचा फोन आला. मी तास संपवून व्हरांड्यात उभी होते, आजूबाजूला पोरांचा गोंधळ होता. "जिवंत आहेत म्हणे," तो म्हणाला. "पण हलत नाहीत. एकही नाही." त्यानं लगेच फोन ठेवला.

वहिनीला सांगताना मी तिथे असावं, असं त्यानं मुद्दाम म्हटलं. वहिनी जमिनीवर बसून मेथी निवडत होती, आई खुर्चीत. दादा उभ्यानं बोलला, शाळेत धडा म्हणून दाखवतात तसा, एका दमात. बोलून झालं तेव्हा बाहेर भंगारवाल्याची हाक चालली होती.

वहिनीच्या हातात मेथीची काडी होती. तिनं ती खाली ठेवली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"वन्सं," ती म्हणाली. अशी हाक आता कोणी मारत नाही, पण तिनं ती पहिल्या दिवसापासून धरून ठेवली होती. "हे तुमच्या त्या कम्प्युटरवर आधीपासून होतं?"

"होतं," मी म्हटलं. "पण आपलं आहे हे नव्हतं माहीत."

"बरं." तिनं मान हलवली. "आणि तेव्हा कळलं असतं तर? काही झालं असतं?"

दादानं माझ्याकडे बघितलं. खोटं बोल, असं त्याचे डोळे सांगत होते. पण वहिनीला आजवर कोणीच नीट उत्तर दिलेलं नव्हतं.

"हलत नसले तरी जिवंत असले की प्रयोगशाळेत त्यांच्यापासून गर्भ तयार करता येतो," मी म्हटलं. "शक्यता होती. चांगली होती."

"तेव्हा होत होतं हे? आपल्याकडे?"

"इंदूरला होत होतं. दिल्लीला होत होतं."

"इंदूरला तर मी गेले होते," वहिनी म्हणाली. ती रडली नाही. निवडलेल्या मेथीत निवडायची मेथी मिसळून ती उठली आणि आत गेली. दादा तिच्या मागे गेला. दार आतून लागलं होतं.

आई खुर्चीत तशीच बसली होती. भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघत तिनं विचारलं, "हे आलं कुठून? माझ्याकडून की यांच्याकडून?"

"दोघांकडून लागतं, आई. एकाकडूनच आलं तर होत नाही. एकाच घराण्यात लग्नं झाली की जुळून यायची शक्यता वाढते."

मी हे बोलले आणि माझ्याच लक्षात आलं. बाबा म्हणजे आईच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. महाराष्ट्रातून इथे आलेली चार घरं, मुली द्यायच्या कुठे, म्हणून आपसातच सोयरिकी व्हायच्या.

"सगळे म्हणाले होते, ओळखीचं रक्त आहे," आई म्हणाली. "परकी मुलगी नको. घरातलीच बरी." मग ती हाताकडे बघत बसली, जणू त्यात काही वाहताना दिसेल.

दुसऱ्या दिवशी वहिनी इंदूरला बहिणीकडे निघून गेली. भांडण नाही, आरडाओरड नाही. दादानं स्टेशनवर सोडलं. ती परत कधी येणार हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. मधल्या काळात आम्हा भावंडांच्या रक्ताचे नमुने दिल्लीला गेले आणि त्याच आजाराचं नाव घेऊन अहवाल परत आले. दादा रोज सकाळी पालथा झोपून छातीचे व्यायाम करायला लागला. पाठीवर थापट्या मारायला कोणीतरी लागतं. आई म्हातारी, तिच्या हातात जोर नाही, तरी ती मारायची. मी कॉलेजला जाता जाता जायची आणि मारायची. असा ढीगभर कफ निघायचा की बघवत नव्हतं. पण जिना चढताना तो आता थांबत नव्हता.

संक्रांतीच्या आधी वहिनी आली. बॅग ठेवली, पदर खोचला, तीळ भाजायला घेतले. जणू बाजारातून आली होती. कोणी काही विचारलं नाही. हळदीकुंकू दरवर्षीसारखं ठरलं.

त्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीत आमच्या ओळखीच्या सगळ्या बायका होत्या. बाबा गेल्यापासून आई हळदीकुंकवाच्या वेळी आतल्या खोलीत बसते. कोणी सांगितलेलं नाही, पण बसते. वहिनी वाण देत होती, मी तिळगूळ. कोणाच्या तरी सुनेला दिवस गेले होते. तिच्याशी बोलताना एक काकू सवयीनं म्हणाल्या, "आता यांच्याकडे तेवढं राहूनच गेलं बघा. नशिबाचे खेळ."

आतून काठीचा आवाज आला. आई दारात येऊन उभी राहिली. एकदोघी उठून उभ्या राहिल्या.

"नशीब नाही," आई म्हणाली. "माझ्या मुलामुळे राहिलं. त्याच्यात नव्हतं. जन्मापासून नव्हतं. हिच्यात काही खोट नाही, नव्हती. मी हिला दारोदार फिरवलं. तुम्हालाही मीच सांगत आले की हिला होत नाही. ते चूक होतं. सगळ्यांनी ऐकून ठेवा."

आई असं काही करणार आहे, हे मला माहीत नव्हतं. दादाला माहीत नव्हतं. तो स्वयंपाकघराच्या दारात गरम पाण्याचा पेला धरून उभा होता, त्याचा चेहरा लाल झाला होता. बायकांपैकी कोणाला कुठे बघावं हे कळत नव्हतं. वहिनीच्या हातात कुंकवाचा करंडा होता आणि बोट कुंकवात बुडालेलं होतं. मग ज्या काकू बोलल्या होत्या त्यांच्यासमोर जाऊन तिनं त्यांना कुंकू लावलं. बोट स्थिर होतं. पण कुंकू दोन्ही भुवयांच्या मधे न लागता थोडं वर, कपाळावर लागलं, आणि काकूंनी ते पुसलं नाही.

सगळ्या गेल्यावर वहिनी मला सोडायला स्कूटरवर निघाली. मी नको म्हटलं, ती ऐकेना. थंडी होती, चौकात तिळाची गजक विकणाऱ्यांच्या हातगाड्यांवर पिवळे दिवे लागले होते. सिग्नलला तिनं स्कूटर थांबवली आणि मान न वळवता बोलली.

"आई बोलल्या ते बरं झालं. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मला रडू येईल. आलं नाही."

"हं."

"मला अजून खूप राग येतो, वन्सं. तुमच्या दादांचा येतो, आईंचा येतो. तो जाईल की नाही मला माहीत नाही. आणि तुमच्या त्या रोमांचा पण येतो, पण त्यांना काय बोलणार?"

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा झाला होता. तिनं स्कूटर पुढे घेतली आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण धरलाही नाही, आणि आम्ही घरापर्यंत तशाच गेलो.